शिफ्टवरचं बोट

गावाकडच्या माणसाला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून मिळत नाही. एस.टी. मधल्याच थांब्यावर धरायची असते. तमाशाच्या कनातीत शिरेपर्यंत गण-गवळण उरकलेली असते. कीर्तनाला जावं तर बुवा पूर्वरंग संपवून उत्तररंगात शिरलेले असतात. आमच्या वस्तीवर पहिला टीव्ही आला तेव्हा चालू मालिकेतली निम्मी माणसं आधीच मरून गेली होती. ती कोण, कुणाची, कशानं मेली हे आम्हाला शेजारच्या गावात टीव्ही बघून आलेल्यांनी सांगितलं. तरी आमचं काही अडलं नाही. शेजारच्याला कोपरानं ढोसायचं, ‘ह्यो कोन रं?’ एवढं विचारायचं, की झालं.

त्यामुळे २०२४ च्या दिवाळीआधी माझ्या पुतणीनं जो प्रश्न विचारला तो मला आधी प्रश्नच वाटला नाही.

सांगोल्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, आठ-अ, पीकविम्याचे अर्ज, पॅनकार्ड, शाळा-कॉलेजचे फॉर्म. पुतणी तेव्हा नववीला होती. शाळा सुटल्यावर गावाकडं जाणारी गाडी यायला तासभर असायचा, तो ती दुकानातल्या बाकड्यावर काढायची. त्या दिवशी तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

“तात्या, ह्ये प्रिन्स ऑफ पर्शिया. लई भाग हायत ह्याचं. वर्गातली पोरं नव्या भागाचं बोलत्यात. मी कुठनं सुरू करू?”

“सापडंल तिथनं कर की.”

“तसं न्हाय. मधीच सुरू केलं आन् कायच कळलं न्हाय तर?”

गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून मी ‘उद्या सांगतो’ म्हणालो. रात्री जेवताना लक्षात आलं, की पोरगी विचारते ते बरोबर आहे आणि उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ साली अमेरिकेत निघाला. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणानं तो जवळजवळ एकट्यानं केला. एक राजपुत्र तळघरात कोंडलेला आहे, वरच्या महालात राजकन्या अडकली आहे आणि वजिरानं तिला साठ मिनिटांची मुदत दिली आहे. तेवढ्या वेळात राजपुत्रानं खड्डे, भाले, पहारेकरी चुकवत वर पोचायचं. १९९३ साली दुसरा भाग आला. त्याची गोष्ट पहिल्या भागानंतर अकरा दिवसांनी सुरू होते. १९९९ साली तिसरा आला. मग २००३ साली एका नव्या कंपनीनं सगळंच नव्यानं मांडलं, ‘द सॅन्ड्स ऑफ टाइम’ या नावानं. राजपुत्र नवा, गोष्ट नवी. तिचे पुढचे भाग २००४ आणि २००५ साली आले. २००८ साली पुन्हा कोरी पाटी, तिसराच राजपुत्र. २०१० साली आलेला भाग मात्र गोष्टीच्या क्रमानं २००३ आणि २००४ च्या मधल्या सांध्यात बसतो. आणि २०२४ च्या जानेवारीत आला ‘द लॉस्ट क्राऊन’. त्यात तर नायक राजपुत्रच नाही. सार्गोन नावाचा योद्धा आहे आणि तो पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधायला निघालाय.

म्हणजे आमच्या भावकीसारखंच. आडनाव एक, पण कोण कुणाचा कोण, हे सांगायला जुनं माणूसच लागतं.

आता ह्यात शिरायचं कुठून? ज्यांनी खेळलंय त्यांच्यात तीन तऱ्हेची माणसं असतात. एक म्हणतात, निघाला त्या सालाच्या क्रमानं जा. हे ऐकायला सरळ आहे. पण १९८९ च्या खेळात राजपुत्र पाऊल टाकायच्या आधी क्षणभर विचार करतो; आजच्या पोरांच्या बोटांना तेवढा दम नसतो, ती पहिल्याच खड्ड्यात खेळ सोडतात. दुसरे म्हणतात, गोष्टीच्या क्रमानं जा. पण इथे गोष्टच एक नाही, तीन-चार आहेत आणि बऱ्याचदा त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. तिसरे म्हणतात, जो सगळ्यात चांगला तोच आधी खेळ. ह्या लोकांचं बोट बहुतेक वेळा २००३ च्या भागावर असतं.

त्यांचंही खोटं नाही. २००६ साली मी पंढरपूरला कॉलेजात असताना एका सायबर कॅफेत तो भाग खेळलो. तासाला पंधरा रुपये पडायचे, म्हणून घरून आलेल्या पैशांतला वडापाव कमी व्हायचा. पहिल्या दिवशी मी खुर्चीत ताठ बसलो, कारण गोष्ट सुरूच होते हिंदुस्थानात. राजपुत्र बापाच्या सैन्यासोबत इथल्या एका महाराजाच्या महालावर चाल करून येतो. तिथून लुटीत एक खंजीर आणि वाळूचं भलंमोठं घड्याळ नेतो. वजिराच्या नादानं घड्याळ उघडतो आणि माणसांची भुतं होतात. उरतात वजीर, राजपुत्र आणि त्या महाराजाची मुलगी फराह. ती पुढं त्याच्याबरोबर धनुष्य घेऊन लढते. खंजिरात अशी करामत, की बटण दाबलं की काळ मागं जातो. खड्ड्यात पडलास? दाब बटण, उलटा वर ये. आणि सगळी गोष्ट राजपुत्र स्वतःच कुणाला तरी सांगत असतो. आपण खेळताना मेलो, तर तो म्हणतो, नाही नाही, तसं नव्हतं झालं. आमच्या पारावरचा म्हातारा सांगता सांगता चुकला की असाच मागं यायचा.

पुतणीला हाच भाग सांगावा असं मला वाटलं. नायिका आपल्याकडची, गोष्ट स्वच्छ, आधीचं काही माहीत नसलं तरी चालतं. त्याच्या पुढचा २००४ चा भाग मात्र रक्तबंबाळ आहे. नववीच्या पोरीला तो मी सांगितला नसता.

पण दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी वेगळंच सांगितलं. त्याचं कारण खेळात नाही. ते आमच्या घरात आहे.

२००० साली गावच्या हायस्कुलात चार कॉम्प्युटर आले. मी नववीला, धाकटा सातवीला. कॉम्प्युटरच्या खोलीला नवा रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले. चपला दाराबाहेर. आत गेल्यावर कॉम्प्युटरवरची झालर लावलेली कापडं दोन पोरांनी दोन बाजूंनी धरून उचलायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की खोली झाडायची पाळी ज्यांची असेल त्यांना सर अर्धा-पाऊण तास बसू द्यायचे. मी आणि धाकट्यानं दुसऱ्यांच्या पाळ्यासुद्धा झाडून काढल्या.

सरांकडं एक फ्लॉपी होती. आख्खा खेळ तिच्यात मावायचा. काळ्या पडद्यावर इंग्रजीत ‘प्रिन्स’ असं टाइप करून एंटर दाबलं, की कॉम्प्युटरच्या पोटातून पिपाणीसारखा सूर निघायचा आणि पांढऱ्या कपड्यातला तो राजपुत्र तळघरात पडायचा. पहिल्या पायरीत त्याच्या हातात तलवारसुद्धा नसते, ती हुडकावी लागते.

खेळ एकट्याचा होता, पण आम्ही दोघं बसायचो. म्हणून वाटणी केली. बाणांची चार बटणं माझी, शिफ्टचं बटण धाकट्याचं. खेळ ज्यांना माहीत आहे त्यांना ह्यातली गंमत कळेल. बाणांनी राजपुत्र पळतो, उडी मारतो, पण समोरच्या कठड्याला हात घालून लोंबकळायचं असेल तर शिफ्टच दाबायला लागतं. जपून एकेक पाऊल टाकायचं, बाटलीतलं औषध प्यायचं, लढताना वार करायचा, सगळं शिफ्टवर. मी उडी मारायची आणि धाकट्यानं वेळेवर हात धरायचा. त्याचं बोट क्षणभर चुकलं की राजपुत्र खाली भाल्यांवर. माझी उडी चुकली की त्याचं शिफ्ट काय करणार? “दादा, उडी!” “धर, धर!” एवढाच आमचा आवाज. आजही धाकट्याचं ते बारकं, शाई लागलेलं बोट मला शिफ्टवर दिसतं.

दहावीतल्या एका पोरानं आम्हाला एक युक्ती सांगितली होती. ‘प्रिन्स’च्या पुढं जागा सोडून ‘मेगाहिट’ असं लिहायचं. मग शिफ्ट आणि एल दाबत पाहिजे त्या पायरीवर जाता यायचं. पहिली नको, थेट सहावी घ्या. धाकट्यानं ते एकदा बघितलं आणि म्हणाला, “मग ह्यात खेळायचं काय?” तेव्हापासून आम्ही पहिल्या पायरीपासूनच सुरू करायचो.

अडचण साठ मिनिटांची होती. मेलं तर पायरी नव्यानं सुरू व्हायची, पण गेलेली मिनिटं परत मिळायची नाहीत. आणि आम्हाला सर उठवायचे चाळीस मिनिटांत, त्याआधीच कधी लाईट जायची. तिसऱ्या पायरीपासून पुढं खेळ जपून ठेवता येतो, हे मला फार नंतर समजलं. चौथ्या पायरीच्या शेवटी एक आरसा आडवा येतो, तिथवर आम्ही दोनदा पोचलो. त्यापुढं कधी गेलो नाही. मी दहावी होऊन बाहेर पडलो आणि फ्लॉपीला बुरशी लागली.

ह्या खेळाबद्दल मी पुढं मिळेल ते वाचत गेलो. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या मनात घर करून आहेत.

पहिली म्हणजे, पडद्यावरचा तो राजपुत्र इतका खऱ्या माणसासारखा का पळतो, ह्याचं कारण. मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला, भिंतीवर चढायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग त्यातली एकेक हालचाल पडद्यावर उतरवली. खेळाचं संगीत त्यांच्या वडिलांनी दिलं. मूळ प्रोग्रॅमच्या हरवलेल्या फ्लॉप्या २०१२ साली त्या वडिलांनाच घरात सापडल्या आणि त्यांनी त्या मुलाकडं पाठवल्या. म्हणजे सगळ्या जगानं बाण दाबून पळवला तो कुणाचा तरी धाकटा भाऊ होता.

दुसरी गोष्ट त्या आरशाची. ज्या कॉम्प्युटरवर मेकनर काम करत होता त्यात नव्या शत्रूचं चित्र ठेवायला जागाच उरली नव्हती. म्हणून त्यानं राजपुत्राचीच आकृती थोडी सरकवून पुन्हा काढली आणि तिची सावली केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो तेव्हा ती दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. पुढं ती त्याचं औषध पिते, त्याच्या वाटेतलं दार लावते. बाराव्या पायरीवर दोघं तलवारी घेऊन समोरासमोर येतात. सावलीला वार केला की आपलंच रक्त कमी होतं. तिला मारलं की आपण मरतो. तिथं तलवार म्यान करायची असते. मग सावलीनंही म्यान केलेली असते. दोघं एकमेकांकडं जातात आणि एक होतात. त्यानंतर पुढच्या पोकळीवर पाऊल टाकलं की पायाखाली फरशी येत जाते.

आता घरातलं सांगतो. २०१७ साली आमच्या वाटण्या झाल्या. चार एकर रान, एक विहीर, बांधावर एक लिंब. रान दोघांत निम्मं झालं, विहिरीचे वार ठरले, पण लिंब कुणाच्या हद्दीत ह्यावरनं जे सुरू झालं ते मोजणीच्या अर्जापर्यंत गेलं. कोण बरोबर, ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. दोघांकडं आपापले कागद आहेत. दोन्हीकडचे सातबारे माझ्याच दुकानातल्या प्रिंटरमधून निघाले, एवढं सांगतो. बोलणं तुटलं नाही, पण ते मोटार, स्टार्टर आणि आईची औषधं एवढ्यावर आलं. दसऱ्याला सोनं द्यायला पोरं यायची. धाकटा यायचा नाही, मीही जायचो नाही.

वाटणीच्या वेळी पुतणी सात वर्षांची होती. तिला कळतंय तेव्हापासून तात्या आणि पप्पा हे असेच. आमची मालिका तिनं वाटणीनंतरच्या भागापासून बघायला घेतली आणि तिला ‘ह्यो कोन, असा का?’ हे सांगायला शेजारी कुणी बसलं नव्हतं. मधूनच शिरल्यानं आपलं काही अडत नाही, असं मी म्हणत आलो. पण त्याला एक अट आहे. कोपरानं ढोसायला कुणीतरी लागतं.

म्हणून मी तिला म्हणालो, “पहिल्यापासनं सुरू कर. एकोणीसशे एकोणनव्वदचा.”

तिनं चित्र बघून तोंड वाकडं केलं. “तात्या, ह्ये तर लईच जुनं दिसतंय.”

“साठ मिनिटाचा खेळ हाय. आवडला न्हाय तर सोड, मग तुला दुसरा सांगतो. पर एक कर. एकटी खेळू नगंस. पप्पाला म्हनावं, शिफ्टवर बोट ठेव.”

“पप्पा? पप्पांना येतंय ह्ये?”

“इचारून बघ.”

जुन्या डॉसचं सोंग घेणारा डॉसबॉक्स नावाचा एक फुकटचा प्रोग्रॅम असतो. तो आणि खेळ पेनड्राइव्हवर घालून दिला. त्यांच्या घरी तिच्या भावाच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप होता.

सुट्टीत ती दुकानाकडं फिरकली नाही. शाळा उघडली आणि बाकड्यावर बसल्या बसल्या सुरू झाली. पहिल्या दिवशी पप्पा नुसते उभे राहून बघत होते. ती तीनदा खड्ड्यात पडल्यावर म्हणाले, सरक. नंतर रोज रात्री भाकरी खाऊन दोघं बसायला लागले. मम्मी ओरडते. पप्पा ‘उडी, उडी’ करून ओरडतात आणि आजी विचारते, काय झालं गं? मग पप्पांनी चार कॉम्प्युटरची, झालरीच्या कापडांची आणि झाडूच्या पाळ्यांची सगळी गोष्ट सांगितली. एवढं सांगून ती माझ्याकडं बघत राहिली. “तुमी दोघं एका खुर्चीवर बसायचा?”

“खुर्च्या कमी होत्या,” मी म्हणालो.

डिसेंबरात एका रविवारी विहिरीवर माझा वार संपून त्याचा सुरू व्हायचा होता. मी स्टार्टर बंद केला. धाकटा डाळिंबातून हात पुसत आला. एरवी तो ‘झालं का?’ एवढंच विचारतो. त्या दिवशी उभा राहिला. जरा वेळानं म्हणाला,

“दादा, त्या सावलीचं काय करायचं आसतंय? बाराव्या पायरीला आलूय. मारली की आपुनच मरतूय. चार दिस झालं.”

“खालचा बाण दाब. तलवार म्यान होती.”

“आन् तिनं वार केला तर?”

“करत न्हाय.”

त्यानं विहिरीत बघितलं. “बाण पोरीकडं हाय,” म्हणाला. “माझ्याकडं निस्तं शिफ्ट.” आणि हसला. मग त्यानं त्याच्या लायनीचा व्हॉल्व्ह उघडला आणि मी घराकडं वळलो.

लिंबाचं काय झालं, असं कुणी विचारेल. लिंब तिथंच आहे. मोजणीचा अर्जही तिथंच आहे. एका खेळानं बांध सरकत नाही. पण त्या संक्रांतीला धाकटा तिळगूळ घेऊन घरी आला आणि चहा पिऊन गेला. बोलणं झालं ते सगळं पहारेकऱ्यांचं आणि भाल्यांचं.

आता दुकानात कॉलेजची पोरं येतात, अशाच एखाद्या लांबलचक खेळाचं नाव घेतात आणि विचारतात, कुठून सुरू करू? साल, क्रम, चांगला-वाईट हे सगळं मी सांगतो, पण आधी विचारतो, तुझ्या घरात हा कुणी खेळलंय का? मोठ्या भावानं, मामानं, कुणी? असेल तर त्यानं जिथून सुरू केला तिथून कर. एखादा भाग जुनाट असेल, अवघड असेल, पण अडलास तर विचारायला माणूस असेल. आणि कुणीच नसेल तर मग २००३ चा घे. त्यातला राजपुत्र स्वतःच शेजारी बसून गोष्ट सांगतो.

पुतणीनं पुढं माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर २००३ चा भाग पुरा केला. फराह तिला राजपुत्रापेक्षा शहाणी वाटली. काळ मागं नेणारा खंजीर मात्र तिला पटला नाही. “ह्यात भ्याच वाटत न्हाय, तात्या,” म्हणाली. दहावीची परीक्षा संपल्यावर तिनं लॉस्ट क्राऊन मोबाइलवर घेतला. तो पुन्हा पहिल्यासारखा आडवा पळायचा खेळ आहे, नुसता रंगीत आणि चपळ. सगळं काचेवर, दोन अंगठ्यांनी चालतं.

परवा धाकटा तिच्या मागं उभा राहून बराच वेळ बघत होता म्हणे. शेवटी त्यानं विचारलं, “ह्यात शिफ्ट कुठं हाय?”